तिसऱ्या तक्त्यातला एक मिलीमीटर

विनिपेगच्या थंडीत गाडीच्या इंजिनाला रात्रभर विजेची ऊब द्यावी लागते, नाहीतर सकाळी ती ढिम्म हलत नाही. ओरेस्ट हावरिलुक रोज सकाळी सातला ती वायर काढायला अंगणात जायचा. पण त्याच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्याउभ्याच, तो एक आकडा बघून घ्यायचा. जगात कुणी, कुठे आपल्या निबंधांचा उल्लेख केला का, त्याचा आकडा. वाढलेला असला की टोस्टला लोणी जरा जास्त लागायचं.

"काय म्हणतोय आज?" त्याची बायको डारिया चहा गाळत विचारायची.

"दोन वाढले. एक ब्राझीलचा आहे."

"वा! ब्राझीलला कळलं, आता आपल्या शेजाऱ्यांना कधी कळायचं?"

ओरेस्ट हसायचा. त्याला लागायचं नाही असं नाही.

ओरेस्ट हा काही वाईट माणूस नव्हता. एकसष्ट वर्षांचा, उंच, थोडा वाकलेला. त्याचे वडील, ज्यांना तो तातो म्हणायचा, ते रेल्वेच्या कारखान्यात डब्यांची दुरुस्ती करायचे. मुलगा हृदयाचा डॉक्टर झाला, वर संशोधन करू लागला, त्याचा पहिला निबंध छापून आला, तेव्हा तातोंनी तो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, लग्नाच्या बश्यांशेजारी उभा करून ठेवला. त्याआधी चष्मा लावून बोटाने एकेक नाव वाचलं. सात नावांत चौथं नाव सापडल्यावर म्हणाले, "बरोबर छापलंय." आणि निबंध मिटला. पुढचं काही त्यांनी वाचलं नाही, वाचून कळलंही नसतं. ओरेस्टला त्या वेळी त्याचं हसू आलं होतं.

आता निबंध एकशे अठरा झाले होते. त्यांची यादी ग्लेनिस ठेवायची. ग्लेनिस थीसन ही विभागाची सेक्रेटरी. तेवीस वर्षं ती एकाच खुर्चीत बसलेली होती आणि कुणाचं नाव कितवं, कोणता निबंध कुठल्या पानावर, हे तिला तोंडपाठ होतं. डॉक्टरलोक एकमेकांना वाढदिवस विचारत नाहीत, एच-इंडेक्स विचारतात, असं ती म्हणायची. त्याचा हिशोब साधा असतो. ज्याचे चाळीस निबंध प्रत्येकी निदान चाळीस जणांनी उल्लेखले, त्याचा चाळीस. ओरेस्टचा एकोणचाळीस होता आणि दीड वर्षं तिथेच होता. एकोणचाळीस निबंध ठीक होते. चाळिसावा मात्र एकोणचाळीस उल्लेखांवर रुसून बसला होता. एक उल्लेख हवा होता. फक्त एक.

ही घाई उगीच नव्हती. ओरेस्ट अजून पूर्ण प्राध्यापक झालेला नव्हता. त्याच्यामागून आलेले झाले, त्यातले दोघे तर निवृत्तही झाले. समितीने मागच्या खेपेला प्रेमाने सांगितलं होतं, "चाळीस होऊ दे, मग बघू." पुढची खेप या फेब्रुवारीत होती आणि ती शेवटची होती. त्यानंतर त्याचं वय उलटणार होतं.

आणि मागच्या सप्टेंबरात एक निबंध त्याच्याकडे परीक्षणासाठी आला. सास्काटूनच्या कुणी जनेल लाव्हाले नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंचा. परीक्षण करणाऱ्याचं नाव लेखकाला कळवत नाहीत, तशी पद्धतच आहे. निबंध चांगला होता. ओरेस्टने दोन पानं नेमक्या सूचना लिहिल्या, आणि शेवटी एक ओळ टाकली: लेखिकेने या क्षेत्रातल्या काही महत्त्वाच्या कामांची दखल घेतलेली नाही, ती घ्यावी. खाली सहा निबंध दिले. सहाही त्याचे स्वतःचे. हवा होता तो एकच, तो रुसलेला. पण एकटाच लिहिला असता तर डोळ्यांवर आलं असतं, म्हणून त्याच्या सोबतीला पाच जुने बसवले. त्यात एक चौऱ्याण्णव सालचा होता, बायकांच्या हृदयाच्या भिंती वयाप्रमाणे किती जाड असतात त्याचा.

पाठवायचं बटण दाबताना त्याचा हात थांबला नव्हता. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटली.

नोव्हेंबरात तो निबंध छापून आला. सहाही उल्लेख होते. ग्लेनिसने त्या शुक्रवारी एका थाळीत लिंबाच्या वड्या आणि खजुराच्या वड्या घरून करून आणल्या, वर साखरेने चाळीस काढलेलं.

"अभिनंदन, डॉक्टर. कोण भेटलं शेवटी?"

"सास्काटूनची कुणीतरी आहे," ओरेस्ट म्हणाला आणि खजुराची वडी तोंडात टाकली, म्हणजे आणखी बोलावं लागणार नाही.

फेब्रुवारीत समितीची फाइल तयार झाली. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ती द्यायची होती. पहिल्याच पानावर ओरेस्टने आपल्या कामाचा प्रभाव काय, ते लिहिलं होतं, आणि तिथे त्याने चौऱ्याण्णवचाच निबंध पुढे केला होता. तीनशे एकेचाळीस उल्लेख. त्यातला तिसरा तक्ता त्या काळी त्याने स्वतः जाड कागदावर छापून उत्तरेकडच्या छोट्या दवाखान्यांना फुकट पाठवला होता. समितीला असल्या गोष्टी आवडतात.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारच्या दुपारच्या व्याख्यानाला, विभागाने जनेल लाव्हालेला बोलावलं. ओरेस्टला नोटिशीवरच ते कळलं.

ती बुटकी, रुंद चेहऱ्याची, तिशी ओलांडलेली बाई होती. केसांची एक जाड वेणी. सँडविच खात बसलेल्या चाळीस डॉक्टरांसमोर ती अजिबात न घाबरता बोलली. सास्काटूनला येण्याआधी दोन वर्षं ती उत्तरेकडच्या, तिच्या गावच्याच एका दवाखान्यात होती, रस्ता संपतो त्याच्याही पुढे, तिथल्या बायकांच्या हृदयांबद्दल ती बोलत होती. ओरेस्ट तिसऱ्या रांगेत बसून आपल्या सहा निबंधांची वाट बघत होता. कुठेतरी पडद्यावर येतील, कुणीतरी वळून बघेल. पण ते आले नाहीत. एकदा मात्र ती एका चित्राशी थांबली, ओरेस्टकडे बघितलं, म्हणाली, "हे आज राहू द्या," आणि पुढे गेली.

व्याख्यान संपल्यावर तिने त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"डॉक्टर हावरिलुक, पाच मिनिटं आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत ना. छान बोललात. फारच छान."

"तुम्ही मला सहा निबंध वाचायला लावलेत."

ओरेस्ट म्हणाला, "मी?"

"सहाच्या सहा तुमचे. तो परीक्षक कोण, ते ओळखायला काही हृदयरोगतज्ज्ञ व्हावं लागत नाही. माझी आईपण म्हणाली, हा कुणीतरी स्वतःच्याच लग्नाला स्वतःच आहेर करणारा दिसतोय." हे ती हसून म्हणाली. त्या हसण्यात राग असता तर ओरेस्टला बरं वाटलं असतं. "मी भांडायला नाही आले. माझी एक वाईट खोड आहे. वाचल्याशिवाय मला उल्लेख करता येत नाही. म्हणून सहाही वाचले. चौऱ्याण्णवच्या निबंधातला तिसरा तक्ता तुम्ही हल्ली कधी बघितलाय?"

"पाठ आहे मला."

"मग सांगा, साठीतल्या बाईच्या हृदयाची भिंत पन्नाशीतल्या बाईपेक्षा पातळ असते का?"

"छे, जाड असते. वयाबरोबर वाढत जाते. हे तर कुणीही..."

तो तिथेच थांबला. तिने पिशवीतून निबंधाची प्रत काढून त्याच्या हातात दिली. चाळीस, पन्नास, साठ, सत्तर अशा ओळी. पन्नाशीचा आकडा साठीला लागला होता आणि साठीचा पन्नाशीला. दोन ओळींची अदलाबदल झाली होती. फरक एक मिलीमीटरचा. शेजारच्याच पानावर आलेख होता आणि तो बरोबर होता. ज्याने दोन्ही पानं वाचली असती त्याला तो फरक दिसला असता.

तीनशे एकेचाळीस जणांनी या निबंधाचं नाव घेतलं होतं.

"माझ्या निबंधात मी हे आकडे दुरुस्त करून वापरलेत," जनेल म्हणाली. "पण उत्तरेतल्या आमच्या दवाखान्यात तो तक्ता अजून भिंतीवर लावलेला आहे. जाड कागदाचा. खाली तुमची सही आहे. तिथलं मशीन जुनं आहे, माप देतं पण ते ठीक आहे की नाही ते सांगत नाही. ते आम्ही तुमच्या तक्त्यावरून ठरवायचो. दोन वर्षं मीही तेच केलं. भिंत जाड असूनही पन्नाशीच्या बायकांना घरी पाठवलं, सगळं ठीक आहे म्हणून. तुमचं काम खरोखर वापरणारी मला माहीत असलेली मी एकटीच, डॉक्टर. म्हणून आधी तुम्हालाच सांगायला आले. त्यातल्या अकरा जणींना परत बोलवायचं आहे. तुमची दुरुस्ती छापून आली तर बोलावणं सोपं होईल."

ओरेस्टने प्रत घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. तिला चहा विचारायचंही त्याला सुचलं नाही.

तो सरळ तळमजल्यावर, जिथे हृदयाची सोनोग्राफी करतात त्या एकोच्या खोलीत गेला. तिथेही तो तक्ता लावलेला होता. वीस वर्षांत पिवळा पडलेला, कोपऱ्याला चिकटपट्टी. मशीनवर बसलेली तंत्रज्ञ, डोरीन, त्याच्याकडे बघत राहिली.

"डोरीन, हा तक्ता... तुम्ही कधीपासून वापरता?"

"तो? तो नाही वापरत कुणी. मशीनच सगळं सांगतं हल्ली."

"मग इथे लावलाय कशाला?"

"त्याच्यामागे भोक आहे भिंतीला. जुन्या टेलिफोनचं. वारा येतो." तिने जरा बिचकून विचारलं, "काढायचाय का? काढू नका हं, मानेवर झोत येतो माझ्या."

ओरेस्टला आधी हायसं वाटलं. इथे कुणाचं काही बिघडलेलं नाही. चार वर्षांपूर्वी डारियाचा एको याच खोलीत झाला होता, तोही मशीननेच तपासलेला. पण बाहेर येऊन लिफ्टची वाट बघताना त्या हायसं वाटण्याचीच त्याला शरम वाटली. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात नावाजलेलं काम इथे भिंतीतलं भोक झाकतंय, आणि जिथे कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला तिथे त्याने दगा दिला. आणि आपल्याला बरं कशाचं वाटलं, तर आपल्या घरच्यांवर तो तक्ता कुणी वापरला नाही याचं.

निबंधावर सात नावं होती. दोघे वारले होते. शेवटचं नाव त्या वेळच्या विभागप्रमुखांचं, कारण शेवटचं नाव प्रमुखांचंच असतं. ते आता अ‍ॅरिझोनात उन्हात बसलेले असतात. ओरेस्टने त्यांना फोन लावला.

"तिसरा तक्ता?" पलीकडून आवाज आला. "ओरेस्ट, खरं सांगू का, मी तो निबंध वाचलेलाच नाही. तू छाप दुरुस्ती, पण माझं नाव नको घालूस. आणि हे सगळं पुढच्या महिन्यात करता येणार नाही का? तुझी फाइल जातेय ना शुक्रवारी?"

पुढच्या महिन्यात. तेच तर दुपारपासून त्याच्याही मनात घोळत होतं. वीस वर्षं थांबलेली चूक आणखी चार आठवडे थांबली तर काय होणार? अकरा बायका काय, त्यांना चार आठवड्यांनी बोलवता येईल.

गुरुवारी सकाळी तो कामाला न जाता चर्चच्या तळघरात गेला. तिथे दर गुरुवारी बायका पिरोही करतात. बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्याच, फक्त उकडलेल्या. वीसेक बायका लांब टेबलांशी बसलेल्या, डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत पीठ, सगळ्या पन्नाशी-साठीच्या. डारिया त्यांच्यात होती.

"अगं बाई, डॉक्टर आले! कुणी मेलं की काय?" टोकाला बसलेल्या ओल्गा मावशीने विचारलं.

"तू मेल्याशिवाय सुटका नाही आमची," डारिया तिला म्हणाली आणि नवऱ्याचा चेहरा बघून जागा केली. "बस. हात धू आधी. नुसतं बसायचं नाही इथे."

ओरेस्ट बसला. गोल पारी हातात घेऊन, सारण घालून, कडा दाबता दाबता त्याने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. सप्टेंबरातली ओळसुद्धा. ती सांगताना त्याने मान वर केली नाही.

"सहा?" डारिया म्हणाली. "स्वतःचेच सहा?"

"एकच हवा होता."

"मग एक चोरायचास, ओरेस्ट! पाच कशाला आणखी?"

"दिसू नये म्हणून."

टोकाकडून ओल्गा मावशी ओरडली, "डॉक्टर, कडा नीट दाबा हो! उकळताना फुटलं की सगळं बाहेर येतं आणि मग बाकीच्यांचाही रस्सा होतो." कुणीतरी हसलं. ओरेस्टने आपल्या हातातल्या पिरोहीकडे बघितलं. ती खरंच एका बाजूने उघडी होती.

"त्या अकरा जणी," डारिया म्हणाली, "आमच्याएवढ्याच ना?"

"हो."

"मग इथे माझ्याशी काय बोलतोयस?" ती त्याच्याकडे न बघता पीठ झटकत म्हणाली. "मी काय सांगणार आहे असं वाटलं तुला? पुढच्या महिन्यात कर म्हणून? ते माझ्या तोंडून ऐकायला आलास का?"

तो त्यासाठीच आला होता.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता तो ग्लेनिसच्या टेबलाशी उभा होता. हातात तीन कागद. एक नियतकालिकाला, तिसऱ्या तक्त्याच्या दुरुस्तीचा. त्यात ही चूक कुणी शोधली ते डॉक्टर लाव्हालेंचं नाव घेऊन लिहिलेलं. दुसरा, ज्या संपादकाने त्याला परीक्षण करायला दिलं होतं त्याला: ते सहा उल्लेख माझ्या सांगण्यावरून घातले गेले, ते मी सांगायला नको होते, यापुढे मला परीक्षण देऊ नये. तिसरं फाइलचं पहिलं पान, नव्याने लिहिलेलं. तीनशे एकेचाळीस हा आकडा त्यात नव्हता. दुरुस्तीचा उल्लेख होता.

ग्लेनिसने तिन्ही वाचले. एकेक शब्द वाचला, ओरेस्टला ते दिसत होतं. त्याच्या एकशे अठरा निबंधांची यादी ठेवणाऱ्या या बाईने त्याचं काहीतरी पूर्ण वाचलेलं तो पहिल्यांदाच बघत होता. तिचे कान लाल झाले.

"मी वड्या आणल्या होत्या," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"साखरेने लिहिलं होतं वर."

"माहीत आहे, ग्लेनिस."

तिने चष्मा काढून पुसला. मग कॉम्प्युटरकडे वळून अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "दुरुस्तीला नंबर द्यायचा का, डॉक्टर? एकशे एकोणीस? का एकशे अठराच ठेवू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं द्यावा," ती म्हणाली. "हा तुमचा एकट्याचा आहे."

समितीने नाही म्हटलं. पत्र सभ्य होतं, दोन ओळींचं. ओरेस्टला ते अपेक्षितच होतं, तरी ते वाचल्यावर तो दहा मिनिटं दार लावून बसला. जेवणाच्या खोलीत लोक त्याला बघून आवाज खाली करायचे. एका तरुण डॉक्टरने मुद्दाम येऊन त्याची पाठ थोपटली, "मोठं धैर्य दाखवलंत, सर," आणि ते तर ओरेस्टला सगळ्यात असह्य झालं. धैर्य कसलं? त्याला पकडलं होतं.

मार्चमध्ये जनेलचा फोन आला. दुरुस्ती छापून आली होती, बोलावणी गेली होती.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "तिथे एको करायला त्या आठवड्यात माणूस नाही. मला इथून सुटी नाही."

ओरेस्टला वाटलं, ती कुणाचं तरी नाव विचारतेय. मग ती विमानाच्या वेळा सांगू लागली, तेव्हा त्याला कळलं.

"मी स्वतःच्या हाताने एको केल्याला पंधरा वर्षं झाली," तो म्हणाला.

"माप तर घेता येतं ना?"

दोन विमानं बदलून तो गेला. दुसरं इतकं लहान होतं की वैमानिकाने त्याचं वजन विचारलं. दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता होताच, खाली त्याची चौऱ्याण्णव सालची झोकदार सही. त्याने तो स्वतः काढला आणि नवा लावला. नव्याखाली सही केली नाही.

तीन दिवसांत अकरा जणी आल्या. आठ जणी ठीक होत्या. तिघींच्या भिंती जाड निघाल्या. त्यातल्या दोघींना नुसत्या गोळ्या पुरणार होत्या. तिसरी, एडना लिंकलेटर, छपन्न वर्षांची, शाळेची बस चालवणारी बाई. वर्षभर तिला जिना चढताना धाप लागत होती, आणि मागच्या वर्षी तिला सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं होतं. तिला आता दक्षिणेला, मोठ्या रुग्णालयात जावं लागणार होतं.

ती कुशीवर झोपली होती. खोली अर्धवट अंधारी, पडद्यावर तिचं हृदय उघडझाप करत होतं. ओरेस्टने भिंतीच्या एका कडेवर खूण केली, दुसऱ्या कडेवर खूण केली, माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा.

"तूच का तो?" तिने मान न वळवता विचारलं. "ज्याचं चुकलं?"

"हो," ओरेस्ट म्हणाला. "चूक माझी होती. पण ती मी शोधली नाही. तुमच्या इथल्या डॉक्टर लाव्हालेंनी शोधली."

"जनेलने? ती लहानपणापासून तशीच. आमच्या बसमध्ये बसली की सगळ्यांची दप्तरं मोजायची." एडना थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. "किती चुकलं होतं?"

"एक मिलीमीटर."

तिने अंगठा आणि बोट जवळ आणून डोळ्यांसमोर धरलं, फटीतून बघितलं.

"एवढंसं? आणि त्यासाठी तू एवढ्या लांब आलास?"

ओरेस्टला तिच्याकडे बघवेना. पडद्यावरची भिंत जाड होत होती, पातळ होत होती, पुन्हा जाड होत होती.

"वीस वर्षं उशिरा आलो," तो म्हणाला.

"हं," एडना म्हणाली. "मग आता नीट मोज."

त्याने चौथ्यांदा मोजलं.